न वाजणारी पेटी : मिडी कीबोर्डाची मांडणी व उपयोग



गेल्या काही वर्षांत भजनी मंडळांत एक नवे यंत्र दिसू लागले आहे. दिसावयास ते पेटीच्या पट्ट्यांसारखे. परंतु त्यास भाता नाही, आत सूर बसवलेले नाहीत, आणि नुसते समोर ठेवून पट्ट्या दाबल्या तर टकटक एवढाच आवाज येतो. त्यास मिडी कीबोर्ड किंवा मिडी कंट्रोलर म्हणतात. तरुण मंडळी हौसेने ते विकत आणतात, जोडणी जमत नाही म्हणून फडताळात टाकतात. वडीलधारी मंडळी त्याकडे न पाहताच "हे आपल्या संप्रदायाचं नव्हे" म्हणून मोकळी होतात. दोन्ही पक्षांस आमचे सांगणे एकच. कोणतीही वस्तू आधी समजून घ्यावी, मग तिचा स्वीकार करावा की त्याग, ते ठरवावे. न समजता केलेला स्वीकार हा मोह, आणि न समजता केलेला त्याग हा नुसता हट्ट. म्हणून हा पाठ.

१. वाजणारा कोण, वाजविणारा कोण?

पालखी मुक्कामास पोहोचल्यावर समाजआरतीचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे यंत्र समजावयास वेळ लागणार नाही. हजारो टाळ घुमत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि सारा समाज एकदम शांत होतो. चोपातून नाद निघत नाही; चोप नुसती खूण करतो. नाद असतो तो टाळांत, मृदंगात आणि वारकऱ्यांच्या कंठात.

मिडी कीबोर्ड हा असा चोप आहे. तो स्वतः वाजत नाही. "अमुक स्वर सुरू कर, अमुक स्वर थांबव" एवढीच खूण तो करतो. ती खूण ऐकून नाद काढणारे दुसरेच कुणी असते : लॅपटॉपमधील किंवा मोबाइलमधील वाद्याचे सॉफ्टवेअर, अथवा वेगळे ध्वनियंत्र. आमच्या शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, घट होतो त्यास माती हे उपादान आणि कुंभाराचा दंड हे निमित्त. कीबोर्ड हा दंड. नादाची माती दुसरीकडे आहे. "विकत आणला पण वाजत नाही हो," ही जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ एवढेच की दंड आणला आणि माती आणावयाची राहिली.

२. संकेताची गोष्ट

शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, हे नैयायिक सांगतात. चार यंत्रांनी एकमेकांशी बोलावयाचे तर त्यांनाही संकेत हवा. १९८० च्या सुमारास प्रत्येक कारखान्याचे विजेचे वाद्य आपापल्या बोलीत बोले. एकाची खूण दुसऱ्यास कळेना. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी सर्वांसाठी एका सामायिक संकेताची कल्पना मांडली, आणि जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी ती पुढे नेली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखविली गेली. त्याच वर्षी त्या संकेताचे नियम छापून निघाले. तोच मिडी. स्पर्धा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एक भाषा ठरविली, हे आम्हांस विशेष वाटते. १९८३ सालच्या यंत्राची खूण आजच्या यंत्रास अजूनही कळते. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली. तिनेही पहिलीशी नाते तोडलेले नाही.

आता खूण कशी असते ते पाहू. पट्टी दाबली की तीन गोष्टी पाठविल्या जातात.

पहिली, कोणती क्रिया आणि कोणता चॅनेल. चॅनेल १६ आहेत. पालखी सोहळ्यात रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना जसे क्रमांक असतात, तसे हे क्रमांक. ३ क्रमांकावर पाठविलेली खूण ३ क्रमांकाचे वाद्य ऐकते. बाकीची स्वस्थ राहतात.

दुसरी, कोणता स्वर. स्वरांना ० ते १२७ असे अंक दिले आहेत. मधली पांढरी एक म्हणजे ६०. तिच्यावरची काळी एक ६१, पांढरी दोन ६२, याप्रमाणे प्रत्येक पट्टीस एकेक अंक वाढतो आणि १२ अंकांनी पुढचे सप्तक येते. ६० या अंकात नाद नाही, हे पुन्हा लक्षात ठेवावे. तो नुसता संकेत आहे.

तिसरी, पट्टी किती वेगाने दाबली. हाही ० ते १२७ असा अंक. जोराचा आघात पाहिजे असलेल्या वाद्यास याचा उपयोग होतो. पेटीस मात्र होत नाही, त्याविषयी पुढे.

पट्टी सोडली की "थांब" अशी दुसरी खूण जाते. जुन्या पाच टाचण्यांच्या गोल केबलमधूनही अशी एक खूण जावयास सुमारे १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, एवढाच वेळ लागतो.

३. घेताना काय पाहावे

बाजारात २५, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात. आपली साडेतीन सप्तकांची पेटी ४२ पट्ट्यांची असते. म्हणून पेटी वाजविणाऱ्याने ४९ पट्ट्यांचा घ्यावा; तो पुरतो आणि खांद्यावरच्या पिशवीत मावतो. २५ पट्ट्यांचा स्वस्त पडतो, पण दोन सप्तकांत गौळणीची चढती चाल अडते आणि दरवेळी सप्तक बदलण्याचे बटण दाबावे लागते. ८८ पट्ट्या आपणांस नकोत.

पट्टीची रुंदी पेटीइतकी आहे ना, ते बोट ठेवून पाहावे. लहान पट्ट्यांच्या कीबोर्डावर सवय केलेला हात पेटीवर गेला की चुकतो. डावीकडे दोन चाके असावीत. त्यांचे काम पुढे सांगतो. यूएसबी केबलने जोडताच चालणारा, वेगळे सॉफ्टवेअर न भरता ओळखला जाणारा असा घ्यावा. दुकानदारास "नुसता जोडला की चालेल ना?" एवढे विचारले तरी पुरे, आणि तेथेच आपल्या मोबाइलला जोडून पाहावा.

४. जोडणीचा क्रम

क्रम सोडू नये. मंगलाचरण सोडून काल्याचा अभंग घेता येत नाही, तसेच हे.

(अ) आधी लॅपटॉप किंवा मोबाइल चालू करावा. ध्वनिक्षेपकाचा आवाज पूर्ण खाली ठेवावा.

(आ) कीबोर्ड यूएसबी केबलने जोडावा. तो वीजही त्याच केबलमधून घेतो. अँड्रॉइड मोबाइलला जोडताना ओटीजी लागते. मोबाइलकडून वीज पुरत नसेल तर कीबोर्डाचे दिवे लुकलुकतात. अशा वेळी स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब मध्ये घालावा.

(इ) वाद्याचे सॉफ्टवेअर उघडावे. ॲपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. विंडोजवर एलएमएमएस विनामूल्य आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये "मिडी इनपुट" या जागी आपल्या कीबोर्डाचे नाव दिसले पाहिजे. ते निवडावे. नाव दिसत नसेल तर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. पुष्कळ सॉफ्टवेअर उघडतानाच कोण जोडले आहे ते पाहतात.

(ई) त्याच सेटिंगमध्ये आवाज कोठून बाहेर पडावयाचा ते निवडावे. ही दुसरी बाजू लोक विसरतात. खूण आत आली तरी नाद बाहेर पडावयाचा मार्ग वेगळाच असतो.

(उ) वाद्य निवडावे. १९९१ साली ठरलेल्या सर्वमान्य यादीत १२८ वाद्ये आहेत. त्यांत आपली पेटी या नावाने नाही. २१ क्रमांकाचे रीड ऑर्गन तिच्या जवळचे. चांगल्या भारतीय पेटीच्या आवाजाचे नमुने वेगळे मिळतात; ते भरता आले तर उत्तम.

(ऊ) एक पट्टी दाबावी आणि आवाज हळूहळू वाढवावा.

आवाज आलाच नाही तर तपासणीही क्रमाने करावी. सॉफ्टवेअरमधील खुणेचा दिवा पट्टी दाबताच लुकलुकतो का? लुकलुकत नसेल तर दोष कीबोर्ड, केबल किंवा इनपुटमध्ये. लुकलुकतो पण आवाज नाही, तर दोष वाद्यात, चॅनेलमध्ये किंवा आवाजाच्या वाटेत. स्वर ऐकू येतो पण फार वर किंवा फार खाली, तर सप्तक बदलण्याचे बटण कुणाच्या तरी बोटाने दाबले गेले आहे. एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक दोष सापडतो.

कधी कधी एखादा स्वर वाजतच राहतो. पट्टी दाबलेली असताना केबल निसटली, तर "थांब" ही खूण पोहोचतच नाही. समाजआरतीच्या वेळी ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार जाऊन तिचे समाधान करतात. त्यातलाच हा प्रकार. सर्व स्वर थांबविण्याची एक खूण मिडीत आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिचे बटण असते. ते कोठे आहे, हे बैठकीस बसण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

५. विलंब

नव्या माणसास सर्वांत जास्त छळणारा दोष हा : पट्टी आत्ता दाबली, स्वर मागाहून आला. यास लेटन्सी म्हणतात. खुणेचा वेळ १ मिलिसेकंद असतो, हे वर सांगितले. मग उशीर कोठे होतो? लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने सोडीत नाही, ओंजळीने सोडतो. त्या ओंजळीस बफर म्हणतात. सेकंदास ४४,१०० नमुने या मापाने १,०२४ नमुन्यांची ओंजळ भरावयास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात; २५६ ची सुमारे ६ मध्ये भरते; १२८ ची सुमारे ३ मध्ये. म्हणून सेटिंगमध्ये बफर २५६ किंवा १२८ ठेवावा. फार लहान केला तर लॅपटॉपला धाप लागते आणि आवाजात खरखर येते. तेव्हा एक पायरी वर न्यावा. विंडोजवर साध्या मार्गाऐवजी एएसआयओ मार्ग निवडला तर उशीर बराच कमी होतो.

हा उशीर किती मानावयाचा, याचे माप आपल्याच पंगतीत आहे. हवेतून नाद सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. कीर्तनकारापासून ५ मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्यास कीर्तनकाराचा स्वर १५ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, तरी ठेका बिघडत नाही. तेवढा उशीर कान पोटात घालतो. परंतु ब्लूटूथच्या स्पीकरमधून येणारा उशीर पुष्कळदा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. १२५ मिलिसेकंद गेले की पाव मात्रा गेली. मृदंग आणि टाळ पुढे, पेटी मागे, अशी दशा होते. तेव्हा वाजविताना ब्लूटूथ कधीही वापरू नये. तारेनेच जोडावे.

६. भात्याचे काय?

पेटीत पट्टीवरचा जोर आवाज ठरवीत नाही, भाता ठरवितो. मिडी कीबोर्डात उलट असते : पट्टी जोरात पडली की आवाज मोठा. पेटीवाल्याचा हात त्यावर पडला की स्वर उगाच लहानमोठे होतात आणि सारे ओबडधोबड लागते. उपाय सोपा. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये वेगाचा परिणाम बंद करून तो एकाच अंकावर, समजा १०० वर, बांधून टाकावा.

मग भाता कोठून आणावयाचा? डावीकडील दोन चाकांपैकी एक, जे सोडल्यावर जागीच राहते, त्यास ११ क्रमांकाची खूण नेमून द्यावी. ही ११ क्रमांकाची खूण आवाजाच्या चढउताराची आहे. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतोच. येथे तो चाकावर ठेवावा. चाक पुढे नेले की भाता भरला, मागे घेतले की सैल झाला. आठ दिवसांत हातास सवय लागते. बसून पायाने चालविण्याचे पेडलही मिळते, पण मांडी घालून बसणाऱ्यास ते गैरसोयीचे.

दुसरे चाक सोडताच मधोमध परत येते. ते स्वर वरखाली ओढते. त्याने मींडीचा भास होतो, पण एका चॅनेलवरील सर्व स्वर एकदमच ओढले जातात. सा धरून ठेवला असेल तर तोही ढळतो. म्हणून षड्ज-पंचमाचा धरलेला स्वर वेगळ्या चॅनेलवर ठेवावा. स्वर लांबविणारे पेडल मात्र पेटीच्या आवाजास जोडूच नये. एक स्वर दुसऱ्यात मिसळून नुसता कल्लोळ होतो.

७. पट्टी बदलणे

आपल्या भजनांत गायक उंच पट्टीत, काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. नव्या विद्यार्थ्याचा हात पांढरी एकवर बसलेला असतो. कीबोर्डावरील ट्रान्स्पोजचे बटण ही अडचण सोडविते. काळी चार ही पांढरी एकपासून ८ पट्ट्या वर, किंवा वरच्या पांढरी एकपासून ४ खाली. म्हणून अंक उणे ४ ठेवला की बोट पांढरी एकवर आणि स्वर खालच्या काळी चारचा. काळी पाचसाठी उणे २, काळी एकसाठी अधिक १. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांचा फलक सरकवून हेच काम होते.

परंतु विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे की बटणाचा उपयोग कुबडीसारखा करावा, पायासारखा करू नये. बारा पट्ट्यांत हात फिरविण्याचा अभ्यास चालूच ठेवावा. गावोगाव साधी पेटी समोर येते. तेथे बटण नसते.

८. श्रुतीचा प्रश्न

जाणते गायक आक्षेप घेतात की या यंत्राचे स्वर बांधीव आहेत. आक्षेप खरा आहे, पण तो जुना आहे आणि तो आधी पेटीवर आहे. पेटी हे मूळचे युरोपातील वाद्य. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र देबँ यांनी हार्मोनियमचे हक्क नोंदविले. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचे सुटसुटीत रूप दिले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. बंदीच्या मुळाशी हाच आक्षेप होता.

अर्ध्या स्वराच्या अंतराचे १०० भाग कल्पून एकेका भागास सेंट म्हणतात. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेस कान लावला असता जो गंधार आपोआप उमटतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. समान अंतरांवर बांधलेल्या पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला. तो कानास खटकत नाही.

साध्या पेटीत हा गंधार उतरवावयाचा तर सूर घासावा लागतो, आणि एका पट्टीसाठी घासला की दुसऱ्या पट्टीत बिघडतो. मिडीत मात्र पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये बाराही स्वर सेंटच्या हिशेबाने वरखाली बांधता येतात. ज्यास "बांधीव" म्हणून दूषण दिले, तेच येथे पेटीपेक्षा मोकळे निघाले! फक्त एक सावधगिरी. स्वरबांधणी सॉफ्टवेअरमध्ये आणि ट्रान्स्पोज कीबोर्डावर, असे केले तर सॉफ्टवेअरपर्यंत बदललेलाच अंक पोहोचतो आणि उतरविलेला गंधार भलत्याच स्वराच्या वाट्यास येतो. म्हणून बांधणीचा षड्जही त्या पट्टीवर नेऊन ठेवावा.

९. चाली जपण्याचे काम

आता ज्यासाठी हा पाठ लिहावासा वाटला, त्या मुद्द्याकडे येतो.

आळंदीस १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथे आणि नंतरच्या अनेक पाठशाळांत विद्यार्थी घडले, ते ऐकून. आपल्या चाली कानांतून कंठात आल्या. काकड्याच्या चाली, हरिपाठाच्या चाली, गौळणी, भारुडे, भैरवी. एकाच अभंगास खानदेशात एक चाल, कोकणात दुसरी, मराठवाड्यात तिसरी. यांतील कितीतरी चाली आज एकेका गावात एकेका वृद्ध विणेकऱ्याच्या कंठात उरल्या आहेत. अभंगाची अक्षरे गाथेत सुरक्षित आहेत. चालीला गाथा नाही. तो कंठ थांबला की चाल थांबली.

येथे हे यंत्र सेवा करू शकते. विणेकरी बाबांनी गावे, पेटीवाल्याने मागोमाग वाजवावे, आणि सॉफ्टवेअरने ती बोटे टिपून घ्यावीत. १९८८ साली मिडीची प्रमाण फाइल ठरली. कोणत्याही यंत्रावर ती उघडते. तिच्यात आवाज साठत नाही. कोणती पट्टी केव्हा दाबली आणि केव्हा सोडली एवढेच साठते. त्यामुळे हजार स्वरांची चाल आठ-दहा हजार बाइटमध्ये बसते. पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण सीडीच्या प्रतीने केले तर त्यास पाच कोटींहून अधिक बाइट लागतात. आणि या फाइलीची लय निम्मी केली तरी स्वर उतरत नाहीत, पट्टी बदलली तरी लय ढळत नाही. मुलास अवघड जागा दहा वेळा संथ लयीत ऐकवावी, मग लय वाढवावी. गुरुजी थकतात, हे थकत नाही.

पण एक गोष्ट कधीही विसरू नये. या फाइलीत चालीचा अस्थिपंजर राहतो. स्वरांमधली ओढ, शब्दावरचा भार, श्वास कोठे घेतला, "विठ्ठल" म्हणताना गळा कोठे दाटला, यांतले काहीही अंकात येत नाही. म्हणून मिडीबरोबर त्याच वेळी बाबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रणही करावेच करावे. एक शरीर, एक प्राण. दोन्ही जवळजवळ ठेवावीत.

हे काम करणाऱ्यांनी पाळावयाचे नियम असे. बाबांची संमती आधी घ्यावी आणि फाइल कुणाकुणास देणार ते सांगावे. चाल मोकळ्या लयीची असेल तर यंत्राचा टिकटिक ठेका बंद ठेवावा. वृद्धाच्या लयीस यंत्राच्या मागे धावावयास लावू नये. प्रत्येक फाइलीस अभंगाचा आरंभ, संतांचे नाव, गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, पट्टी आणि ताल लिहावा. नाव नसलेली फाइल म्हणजे पत्ता नसलेले पत्र. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आणि टिपलेली चाल बाबांस परत ऐकवावी. "हे असं नाही रे बाळा, इथं थांबायचं असतं," असे ते म्हणतील, तीच खरी शिकवणी.

१०. कीर्तनात कोठवर?

शेवटचा प्रश्न कठीण आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. या यंत्रात ठेका भरून ठेवता येतो, तंबोरा लावता येतो, टाळांचा गजरही बटणावर मिळतो. चार माणसे कमी असली तर बटणाने भरून काढावी, असा मोह होतो. हा मोह आवरावा.

कारण सांगतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, कीर्तन दुसरे. कीर्तनकार बोलता बोलता थांबतो, डोळे भरून येतात, अभंगाचे चरण पुन्हा घ्यावेसे वाटते. मृदंगमणी त्याच्या तोंडाकडे पाहत असतो. तो हात आवरतो. टाळकरी थांबतात, मग उचलतात. ही सारी माणसे ऐकत आहेत. भरून ठेवलेला ठेका ऐकत नाही. तो आज्ञा पाळतो, पण श्रवण करीत नाही. आणि जे श्रवण करीत नाही त्यास कीर्तनाच्या रिंगणात उभे करू नये. शिवाय बटणावर टाळ मिळू लागले की टाळ धरणारे पोर घरी राहते. संप्रदाय वाढला तो हातात टाळ देऊन. गावातले शेवटचे पोर टाळ खाली ठेवून घरी गेले, तर आवाज किती का मोठा होईना, तो फड रिकामाच.

म्हणून आम्ही मर्यादा अशी सुचवितो. घरच्या अभ्यासात, पाठशाळेत आणि चाली टिपण्यात हे यंत्र मोकळ्या मनाने वापरावे. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींस पेटी नेणे-दुरुस्त करणे अवघड पडते. त्यांनी भजनात पेटीच्या जागी ते वापरल्यास आमची हरकत नाही. कीर्तनात पेटी नसेल आणि वाजविणारा माणूस समोर बसून कीर्तनकाराकडे पाहत वाजवीत असेल, तर तेथेही ते चालावे. कारण तेथे ऐकणारा माणूस आहे. परंतु वीणा, मृदंग आणि टाळ यांच्या जागी यंत्र बसवू नये.

कीर्तनास वापरणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. लॅपटॉप भारित करून न्यावा आणि शक्य तर त्याच्याच बॅटरीवर चालवावा. चार्जर लावल्यावर ध्वनिक्षेपकात पुष्कळदा घूं असा आवाज येतो, आणि खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. केबल दोन ठेवाव्यात. मोबाइल वापरीत असाल तर विमान मोड चालू करावा, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी फोन सभामंडपात घणघणेल. आणि साधी पेटी जवळ ठेवावीच. तिला वीज लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, भाता आणि हात एवढेच लागते.

असो. पाठ लांबला. ज्यांच्या घरी हे यंत्र फडताळात पडून आहे त्यांनी या एकादशीस ते काढावे, वरील क्रमाने जोडावे, आणि पहिले काम म्हणून आपल्या गावच्या सर्वांत वृद्ध भजनकऱ्याकडे घेऊन जावे. त्यांच्यापुढे बसून म्हणावे, "बाबा, तुमची काकड्याची चाल सांगता का?" पंढरीची वाट अशाच एकाने दुसऱ्यास दाखविली आहे.

रामकृष्णहरी.